न्हाणीघरातील टब काढावा का?

घर्षणाचा धडा शिकताना तुमच्या पुस्तकात एक लाकडी ठोकळा असतो. तो कधी आडव्या फळीवर असतो, कधी उतरत्या फळीवर. त्याला दोरी बांधलेली असते आणि दोरीला ताणकाटा. गुरुत्वमध्याच्या धड्यात पिसाचा झुकता मनोरा असतो. गेली वीस वर्षे मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो आणि हा ठोकळा व हा मनोरा मीही शेकडो वेळा फळ्यावर काढला आहे. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार एवढीच की, ज्या जागी हे दोन्ही धडे रोज सकाळी एकाच वेळी घडतात, तेही डोळ्यांत साबण गेलेला असताना, त्या न्हाणीघराचा पुस्तकात उल्लेखही नसतो.

या लेखात मी अशाच एका न्हाणीघराबद्दल लिहिणार आहे आणि एक बाजूही घेणार आहे. अमेरिकेतील मध्यमवर्गीय घरांत सर्रास आढळणारे न्हाणीघर म्हणजे तीन भिंतींच्या मध्ये बसवलेला टब आणि त्याच टबच्या वर भिंतीला लावलेला शॉवर. टबची लांबी साधारण १५० सेंमी, रुंदी ७५ सेंमी आणि काठाची उंची ३५ ते ५० सेंमी असते. टबमध्ये पाणी भरून निवांत पडून राहायला रोज सकाळी वेळ कोणाला? तेव्हा टबमध्ये उभे राहूनच शॉवर घेतला जातो. आपल्याकडे असा टब मोजक्या बंगल्यांत आणि हॉटेलांत दिसतो. परंतु मराठी घरांतील कितीतरी आई-वडील आज मुलांकडे म्हणून तिकडे जातात, सहा-सहा महिने राहतात, आणि आयुष्यभर पाटावर बसून तांब्याने अंघोळ केलेल्या या मंडळींना रोज तो काठ ओलांडावा लागतो.

माझे मत असे की, ज्या घरात वृद्ध माणूस आहे किंवा पुढे-मागे यायचे आहे, तेथे हा टब काढून टाकावा. त्याच्या जागी जमिनीच्या पातळीचा, बसून अंघोळ करता येईल आणि गरज पडली तर चाकाची खुर्ची आत नेता येईल असा शॉवर करावा. साबण, तेल, टॉवेल यांसाठी भिंतीतच जागा करावी. हे मी म्हाताऱ्यांच्या दयेपोटी म्हणत नाही. हिशेब मांडला की उत्तर तेच येते. तो हिशेब आता पाहू या.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली दिलेल्या अंदाजानुसार जगात दर वर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे मरण पावतात. नकळत होणाऱ्या दुखापतींनी येणाऱ्या मृत्यूंमध्ये रस्त्यावरील अपघातांच्या खालोखाल हेच कारण आहे. न्हाणीघरापुरते बोलायचे तर अमेरिकेतील एक पाहणी डोळे उघडणारी आहे. २००८ या एका वर्षात तेथे पंधरा वर्षांवरील सुमारे २ लाख ३४ हजार माणसांना न्हाणीघरात झालेल्या दुखापतीसाठी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे लागले. दर पाच दुखापतींपैकी चार पडल्यामुळे झाल्या होत्या.

आता काठ ओलांडणाऱ्या माणसाकडे पाहा. समजा, एका बाईंची उंची १५५ सेंमी आहे. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य साधारणपणे उंचीच्या ५५ टक्क्यांवर, म्हणजे बेंबीच्या आसपास असतो. येथे तो जमिनीपासून ८५ सेंमीवर आला. गुरुत्वमध्यातून खाली सोडलेला ओळंबा जोपर्यंत पायांखालच्या आधारक्षेत्रात पडतो, तोपर्यंत माणूस उभा. हा नियम तुम्हाला ठाऊकच आहे. दोन पाऊले एकमेकांपासून ३० सेंमी अंतरावर असली आणि पाऊल ९ सेंमी रुंद धरले, तर मधल्या रेषेपासून आधारक्षेत्राची कड साडेएकोणीस सेंमीवर येते. १९.५ भागिले ८५ म्हणजे ०.२३. हा ज्या कोनाचा टॅन्जन्ट आहे तो कोन सुमारे १३ अंश. म्हणजे बाई बाजूला १३ अंश कलेपर्यंत तोल जात नाही.

एक पाय उचलून टबच्या काठावरून नेताना मात्र आधार फक्त दुसऱ्या पाऊलाचा राहतो. मधल्या रेषेपासून कड साडेचार सेंमीवर येते. ४.५ भागिले ८५ म्हणजे ०.०५३. कोन अवघा ३ अंश! एरवी १३ अंशांची मुभा असलेले शरीर काठ ओलांडताना ३ अंशांवर येते. तरुण माणसाच्या घोट्याचे स्नायू हा कल क्षणार्धात ओळखून शरीर सावरतात. वय वाढले की तळपायाची जाणीव बोथट होते, स्नायू उशिरा जागे होतात, आणि चश्मा तर बाहेर बेसिनवर काढून ठेवलेला असतो. गणितातले ३ अंश तेच राहतात, पण सावरायला लागणारा वेळ वाढतो. काठ जितका उंच तितका वेळ एका पायावर उभे राहावे लागते, हेही लक्षात घ्या.

आता घर्षण. पाऊल पुढे टाकले की पाय जमिनीला तिरपा टेकतो, आणि त्या तिरप्या रेटण्याचा एक भाग क्षितिजसमांतर असतो. पाऊल घसरू नये म्हणून तेवढे बल घर्षणाने द्यावे लागते. पायाची लांबी ८० सेंमी आणि दोन पाऊलांतील अंतर ५० सेंमी धरा. काटकोन त्रिकोण काढलात तर क्षितिजसमांतर बल आणि लंब बल यांचे गुणोत्तर २५ भागिले ७६, म्हणजे ०.३३ येते. पाऊले ३० सेंमीवर टाकली तर तेच गुणोत्तर ०.१९ होते. प्रत्यक्षात चालताना गुडघा वाकतो, म्हणून आकडे याहून थोडे कमी भरतात. पण दिशा हीच. ओल्या फरशीवर आजी तुरुतुरु लहान पावले टाकत चालतात ना? त्यांना त्रिकोणमिती येत नसली तरी शरीराने तिचे उत्तर काढलेले असते. आणि पाहा, या गुणोत्तरात वस्तुमान कोठेच उरत नाही. जाड माणूस घसरत नाही, ही समजूत चुकीची.

टबमध्ये गंमत अशी की, लहान पाऊल टाकण्याची सोयच नाही. एक पाय आत, एक पाय बाहेर, मध्ये काठाची भिंत. दोन पाऊलांत ६० सेंमी अंतर सहज पडते. गुणोत्तर होते ३० भागिले ७४, म्हणजे ०.४०. अमेरिकेतील फरशी-उद्योगाच्या मानकाप्रमाणे ओल्या सपाट फरशीचा गतिक घर्षणांक किमान ०.४२ असावा लागतो. म्हणजे मानकाला उतरलेली चांगली फरशी बाहेर असली तरी आपण जेमतेम काठावर पास! आणि आतला पाय फरशीवर नसतो. तो गुळगुळीत मुलाम्याच्या पत्र्यावर असतो आणि त्यावर साबणाचे पाणी असते. तळपाय आणि पृष्ठभाग यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर अडकला की घर्षण दोन घन पृष्ठभागांमधले राहत नाही. यंत्रात वंगण करते तेच काम येथे साबणाचे पाणी करते.

टबची बाजू घेणाऱ्यांनाही बोलू दिले पाहिजे. टबच्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडलेल्या माणसाचे भासमान वजन अगदी थोडे उरते. आर्किमिडीजची टबातली गोष्ट खरी असो वा रचलेली, प्लावक बल खरेच आहे. दुखऱ्या सांध्यांना त्याने आराम मिळतो. जपानी लोक खोल टबात गरम पाण्यात बसतात. पण एक गोष्ट आपण विसरतो. जपानी घरात अंग घासणे आणि धुणे हे आधी टबच्या बाहेर, ढाळ असलेल्या फरशीवर, बुटक्या स्टुलावर बसून होते. म्हणजे त्यांची मोरी वेगळी आणि टब वेगळा. शिवाय प्लावक बलाची उसनवारी फेडावी लागते. पाण्यातून उठू लागताच वजन परत अंगावर येते, गरम पाण्याने रक्तवाहिन्या रुंदावून रक्तदाब उतरलेला असतो, डोके हलके झालेले असते, आणि नेमक्या त्याच वेळी एक पाय उचलून काठ ओलांडायचा असतो. पाठदुखीसाठी टब हवाच असेल तर असू द्यावा. रोजच्या अंघोळीची वाट मात्र त्या टबातून जाऊ नये.

हा विषय मला पुस्तकात मिळाला नाही. २०२२ साली माझी आई न्यू जर्सीला ताईकडे राहायला गेली. आई तेव्हा शहात्तर वर्षांची. फोनवर सगळे छान चालले आहे म्हणून सांगायची. महिन्याभराने ताईच्या लक्षात आले की, आईसाठी ठेवलेली साबणाची वडी जशीच्या तशी आहे; तिच्यावरची अक्षरेसुद्धा झिजलेली नाहीत. आई रोज दार लावून शॉवर सुरू करीत असे, त्याचा आवाज बाहेर ऐकू येई, आणि ती काठावर बसून ओल्या पंचाने अंग पुसून बाहेर येत असे. काठ ओलांडायची तिला भीती वाटत होती, आणि मुलीला "मला टबात उतरव" म्हणायची लाज. पडण्याचे आकडे मोजता येतात. न पडता, न सांगता ज्यांनी अंघोळच सोडली आहे त्यांचे आकडे कोण मोजणार? माझ्या लेखी टब काढण्याचे हे पडण्याइतकेच मोठे कारण आहे. स्वत:ची अंघोळ स्वत: करता येणे ही माणसाची फार जवळची गोष्ट आहे.

ताईने टब काढायचे ठरवले. तेथील कंत्राटदाराने पहिला आराखडा दिला तो पाहून मला मौज वाटली आणि रागही आला. टबच्या १५० सेंमी लांबीपैकी ४५ सेंमीत जमिनीपासून छतापर्यंत कपाट, आणि उरलेल्या १०५ सेंमीत काचेच्या दाराचा शॉवर. चित्रात ते फार सुरेख दिसत होते. अमेरिकेत १९९० च्या दिव्यांगविषयक कायद्याखाली सार्वजनिक इमारतींसाठी मापे ठरवलेली आहेत. खासगी घराला ती लागू नाहीत, पण ती विचारपूर्वक काढलेली असल्याने मार्गदर्शक म्हणून उत्तम. चाकाची खुर्ची आत नेता येईल अशा शॉवरचे किमान माप त्यात ७५ सेंमी × १५० सेंमी असे आहे. म्हणजे बरोबर टबाएवढेच! टब गेला की त्याची जागा नेमकी पुरते. त्यातली एक वीतही कपाटाला देता येत नाही. सामानाची जागा जमिनीतून काढायची नाही, भिंतीतून काढायची, असा माझा आग्रह होता आणि ताईने तो मानला.

भिंतीतली जागा म्हणजे आपला कोनाडाच की! वाड्यांच्या जाड भिंतींत देवासाठी, दिव्यासाठी कोनाडे असत. अमेरिकन घराची आतली भिंत विटांची नसते. लाकडी खांब सुमारे ४० सेंमी अंतरावर उभे करून दोन्ही बाजूंनी जिप्समचे तक्ते ठोकलेले असतात. दोन खांबांमध्ये ९ सेंमी खोलीची पोकळी आयतीच मिळते. तिच्यात कोनाडा बसवला तर जमिनीचा एक चौरस सेंटिमीटरही खर्ची पडत नाही. आपल्याकडे ही नक्कल करू नका. आपली आतली भिंत बहुधा अर्ध्या विटेची, म्हणजे गिलाव्यासह १२-१५ सेंमी जाडीची असते. तिच्यात १० सेंमी खोल खोदले तर पलीकडच्या खोलीत उजेड दिसेल. खांब किंवा तुळई तर मुळीच खोदायची नाही. आपल्याकडे बसण्याच्या ओट्याच्या वर, कोपऱ्यात, भिंतीला धरून एक अरुंद पडदी बांधून तिच्यात कप्पे काढणे बरे.

कोनाड्याची उंची कोणती? सजावट करणारे सांगतात, फरशीच्या रेषेशी जुळेल ती. मी सांगेन, बसलेल्या माणसाच्या खांद्यापासून कमरेपर्यंत जो पट्टा येतो ती. साधारण ६० ते १०० सेंमी. साबण जमिनीजवळ असला की माणूस वाकतो, गुरुत्वमध्य पुढे सरकतो आणि ओळंबा पाऊलाच्या बोटांपुढे जातो. उंचावर असला की टाचा उचलाव्या लागतात आणि आधारक्षेत्र आणखी लहान होते. कोनाड्याच्या तळालाही बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्यायचा, नाहीतर तेथे पाणी साठून साबणाचा चिखल होतो.

आता खरे अवघड काम. टबच्या काठाचा एक गुण मान्य करायला हवा, तो पाणी अडवतो. काठ गेला की पाणी अडवायचे काम ढाळावर येते. ढाळ कमी पडला तर पाणी साचते, जास्त झाला तर स्टूल आणि चाकाची खुर्ची कलते. वर सांगितलेल्या मापांत ढाळ जास्तीत जास्त ४८ स एक, म्हणजे मीटरला सुमारे २ सेंमी. खुर्चीसह माणसाचे वस्तुमान ८० किलो धरले तर या उतारावर खुर्चीला खाली ओढणारे बल ७८४ भागिले ४८, म्हणजे १६ न्यूटन होते. हाताने सहज थोपवता येते. हाच उतार १२ स एक केला तर ६५ न्यूटन. मग खुर्ची आपणहून जाळीकडे निघेल. रस्त्यावरून आत येण्याच्या उतारवाटेला १२ स एक चालतो, कारण तेथे कोणी डोळे मिटून केस धूत नाही.

टब हे एक तळे आहे, हेही ध्यानात घ्या. त्याची मोरी लहान असली तरी बिघडत नाही, पाणी सावकाश जाते आणि कोणाची तक्रार नसते. बिनकाठाच्या शॉवरला वाट पाहता येत नाही. मिनिटाला ८-१० लिटर पाणी येते तेवढे लगेच गेले पाहिजे. म्हणून टबखालची ४० मिलिमीटरची नळी काढून ५० मिलिमीटरची घालतात. व्यास सव्वापट झाला, पण क्षेत्रफळ वर्गाच्या प्रमाणात वाढते, ते दीडपटीहून अधिक होते. केसांचा गुंता अडकला तरी वाट उरते.

येथे आपल्या मंडळींचा एक खास प्रश्न आहे, जो अमेरिकन मानकाने विचारात घेतलेला नाही. शेवटची अर्धी बादली डोक्यावरून उपडी केल्याशिवाय आपली अंघोळ पुरी होत नाही! समजा, १५ लिटरची सबंध बादली कोणी एकदम ओतली. टबच्या जागेचे क्षेत्रफळ १.१२५ चौरस मीटर. एक लिटर पाणी एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर उंचीचा थर करते, त्यामुळे सपाट जमिनीवर १३ मिलिमीटरचा थर होईल. चाकाच्या खुर्चीला चालणारा उंबरा जास्तीत जास्त तेवढाच, अर्धा इंच, असतो. म्हणजे ढाळ नीट नसेल तर बादलीचे पाणी थेट बाहेरच्या खोलीत. ताईने आईसाठी बादली-तांब्याची सोय ठेवली, पण जाळी दारापासून दूरच्या भिंतीला लांबट पट्टीच्या आकाराची घेतली. पाण्याला एका भोकाकडे चहूबाजूंनी वळवण्यापेक्षा एकाच दिशेने एकाच पट्टीकडे नेणे सोपे जाते, आणि फरशीही एकाच प्रतलात बसते. फरश्या लहान, खडबडीत आणि भरपूर सांधे असलेल्या घेतल्या. टायरच्या नक्षीचे काम येथे सांधे करतात. तळपायाखालचे पाणी त्यांत उतरते.

आधाराच्या दांड्याबद्दल मी जरा कडकच बोलणार आहे. टॉवेल अडकवण्याचा दांडा म्हणजे आधाराचा दांडा नव्हे. रबरी वाटीने फरशीला चिकटणारे दांडे बाजारात मिळतात, तेही नव्हेत. १० सेंमी व्यासाची वाटी घ्या. आतील हवा सगळी निघून गेली असे मानले तरी वातावरणाचा दाब तिला फार तर ८०० न्यूटन बलाने धरून ठेवील, तेही सरळ ओढले तर. वाटीखाली फरशीचा एखादा सांधा आला की हवा हळूहळू आत शिरते, आणि दांडा रात्रीतून सैल होतो. सकाळी तो धरणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. खोटा आधार हा आधार नसण्यापेक्षा वाईट, कारण त्याच्या भरवशावर माणूस कललेला असतो.

मानकाप्रमाणे दांड्याने सुमारे १,११० न्यूटन, म्हणजे ११३ किलोचे वजन सहन केले पाहिजे. आजींचे वजन तर ६० किलो! मग एवढे कशासाठी? हिशेब करा. पाय घसरून शरीर ५ सेंमी खाली गेले आणि दांड्याने पुढच्या ५ सेंमीत ते थांबवले. गुरुत्वाकर्षणाने १० सेंमीत केलेले कार्य दांड्याला ५ सेंमीत परतवायचे आहे. म्हणजे बल वजनाच्या दुप्पट, सुमारे १,१८० न्यूटन. त्यातला काही भाग पायांवर जातो. मानकातला आकडा कोणाच्या मनातून आलेला नाही, हे यावरून दिसेल. जिप्समच्या तक्त्यात किंवा नुसत्या गिलाव्यात ठोकलेला स्क्रू हे बल घेऊच शकत नाही. टब काढल्यावर भिंत उघडी असते, तीच वेळ आत आडवे लाकूड घालून घेण्याची. आपल्याकडे स्क्रू गिलाव्याच्या पलीकडे विटेत खोल गेला पाहिजे. दांड्याची उंची मानकात ८४ ते ९१ सेंमी सांगितली आहे. पण आईची उंची १४८ सेंमी. ताईने तिला रिकाम्या जागी स्टुलावर बसवले, उठायला लावले, हात आपोआप कोठे जातो तेथे भिंतीवर पेन्सिलीने खूण केली. ती ८० सेंमीवर आली. दांडा तेथे बसला.

तुम्ही म्हणाल, आमच्या घरी टब नाही, मग हे आम्हाला कशाला? आपल्या मोरीला कट्टा असतो. न्हाणीघराच्या दारात कडप्प्याचा उंबरा असतो, आणि आत फरशी चार बोटे खाली असते. दोन्ही पाणी अडवण्यासाठीच केलेले असतात आणि ओल्या पायाने तेच ओलांडावे लागतात. उंची टबपेक्षा कमी, पण तत्त्व तेच. त्यात हल्ली न्हाणीघरातही आरशासारख्या चकचकीत मोठ्या फरश्या घालण्याची हौस वाढली आहे. पाट तर पूज्यच. परंतु जमिनीपासून चार बोटांवरून उठताना गुडघे पूर्ण दुमडलेले असतात आणि सगळा भार मांडीच्या स्नायूंना तरफेच्या सर्वांत गैरसोयीच्या स्थितीत उचलावा लागतो. ४५ सेंमीचे बैठे आसन, भिंतीला पक्के केलेले, आपल्या न्हाणीघरातही सहज होते. आपल्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने सार्वजनिक इमारती सुगम करण्याचे बंधन घातले आहे. तुमच्या शाळेच्या स्वच्छतागृहाला किती पायऱ्या आहेत, हे आज मधल्या सुट्टीत मोजून पाहा.

शिक्षकांना माझी एक सूचना आहे. घर्षणांकाचा प्रयोग लाकडी ठोकळ्याऐवजी फरशीच्या तुकड्यांवर करून घ्यावा. गवंड्याकडे निरनिराळ्या फरश्यांचे तुकडे फुकट मिळतात. फरशी टेबलावर ठेवून तिच्यावर ओल्या कातड्याचा तुकडा आणि त्यावर एक किलोचे वजन ठेवा. एक कड हळूहळू उचला. वजन ज्या क्षणी घसरते तेव्हाची उंची भागिले पाया, हा झाला घर्षणांक. फरशी कोरडी, ओली आणि साबणाच्या पाण्याने भिजलेली असताना, प्रत्येक वेळी पाच वाचने घ्या. हे वाचन प्रत्यक्ष तळपायाचे नव्हे, पण कोणती फरशी दुसरीपेक्षा चांगली हे ठरवायला पुरे आहे. न्हाणीघरात स्वत: घसरून पाहण्याचा प्रयोग मात्र कोणी करू नये!

आणि घरी न्हाणीघराचे काम निघालेच, तर कोबा झाल्यावर फरशी बसवण्याआधी गवंड्याला जाळीचे तोंड बुचाने बंद करायला सांगा आणि आत पाणी भरून ठेवा. भिंतीवर पाण्याच्या पातळीशी पेन्सिलीने खूण करा. एक दिवसाने पातळी उतरलेली दिसेल. गवंडी म्हणेल, "ते वाफेने उडाले." ते खरे की खोटे, हे तुम्हाला ठरवता येते. सरळ कडांचे एक पातेले पाण्याने भरून त्याच न्हाणीघरात विटेवर ठेवा आणि त्यातही खूण करा. पातेल्यातले पाणी दोन मिलिमीटर उतरले आणि जमिनीवरचेही दोनच उतरले, तर गवंड्याचे म्हणणे खरे. जमिनीवरचे आठ मिलिमीटर उतरले असेल, तर सहा मिलिमीटर पाणी खालच्या मजल्याच्या छताकडे निघाले आहे. फरशी घालू देऊ नका.